स्टीलमधून दिसत नाही

प्रतिमा टिपणीसचा निम्मा जन्म स्पॅनिशमध्ये गेला, पण तो सगळा व्हॉल्व्हांपायी. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचे व्हॉल्व्ह दक्षिण अमेरिकेत जात, आणि तिकडून आलेली पत्रं वाचून त्यांना उत्तरं लिहिणं हे तिचं काम. आपला माल अमुक बोटीने निघाला आहे, गंजाबद्दलची आपली तक्रार मिळाली, झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व. स्पॅनिशमध्ये इतकी क्षमा साऱ्या बडोद्यात दुसऱ्या कुणी मागितली नसेल. आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत त्या भाषेत मोगऱ्याचं नाव घ्यायची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

ही भाषा ती शिकली कॉलेजात असताना, विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात. घर दांडिया बाजारातलं. आजोबा संस्थानच्या खासगी खात्यात कारकून, वडील लक्ष्मीकांतराव सरकारी दप्तरखान्यात. घरात इंग्रजी, संस्कृत, मोडी सगळं होतं, पण स्पॅनिश म्हटल्यावर वडिलांनीही चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ही घेऊन तू जाणार कुठे? पोरीने मनात स्पेन धरलं होतं. कशाचं काय! आधी वडिलांचा अर्धांगवायू, मग आईचे गुडघे, मग आईची विस्मृती. लोकांच्या मुली अमेरिकेला गेल्या, ही मकरपुऱ्यापर्यंत गेली. कारखाना जवळ पडावा म्हणून तरसालीला छोटंसं घर घेतलं, तिथेच आईला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि या सगळ्यात लग्नाचं कुणी विचारायचं राहिलं ते राहिलंच. तिला याचा राग होता. सोशीक, शांत वगैरे ती मुळीच नव्हती. मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालायची आणि तोंडाने चहा विचारायची.

ती निवृत्त झाली त्या सुमाराला समा रस्त्यावरच्या एका नव्या शाळेला परदेशी भाषांचं खूळ लागलं. फ्रेंचला बाई मिळाली, जर्मनला मिळाली, स्पॅनिशला काही केल्या मिळेना. कुणीतरी टिपणीसांच्या प्रतिमाचं नाव सुचवलं. झालं! साठीला टेकलेली ही बाई एक बस आणि माणसं भरून धावणारी एक शटल रिक्षा करत, सबंध शहर ओलांडून, तरसालीहून समाला जाऊ लागली.

पहिलं वर्ष पाण्यात गेलं म्हणा. तिने क्रियापदांची रूपं फळ्यावर लिहावीत, पोरांनी ती उतरवून घ्यावीत आणि जांभया द्याव्यात. पोरं तरी काय करणार? घरी गुजराती, रस्त्यावर हिंदी, शाळेत इंग्रजी, त्यावर ही आणखी एक, आणि हिच्यात बोलायचं कुणाशी? वर्गात उभं राहून तिला स्वतःलाच वाटायचं की आपण अजून विलंबाबद्दल क्षमाच मागतोय.

मग एके दुपारी वारा बाजव्याच्या कारखान्यांकडून फिरला. तो कुजका वास बडोदेकरांना नवा नाही, पण पोरांना कलकलाट करायला निमित्तच हवं होतं. सगळ्यांनी नाकं दाबली. प्रतिमाने खडू उचलला आणि म्हणाली, कसला वास आहे ते स्पॅनिशमध्ये सांगा, येतील त्या शब्दांत सांगा. कुणी म्हणालं अंडं. कुणी म्हणालं आजारी. कुणी म्हणालं म्हातारा. ती ओळीखाली ओळ लिहीत गेली: वारा आजारी आहे, त्याने जुनं अंडं खाल्लं आहे, आता तो आमच्या बाकावर येऊन बसला आहे. लिहून झाल्यावर ती मागे सरली आणि फळ्याकडे बघतच राहिली. वर्गही बघत राहिला. ही तर कविता झाली होती, आणि तिच्यात एकही व्हॉल्व्ह नव्हता.

त्या दिवसापासून व्याकरणाचं पुस्तक कपाटात गेलं. दर आठवड्याला एक इंद्रिय. नाक, मग जीभ, मग कातडी. पोरांनी घरी जायचं, त्या एका इंद्रियाने घर तपासायचं आणि पाच-सहा ओळी लिहून आणायच्या. 'सुंदर' आणि 'दुःखी' हे शब्द लिहायला बंदी. तुम्हाला काय वाटलं ते नको, काय झोंबलं, काय चिकटलं, काय वाजलं ते लिहा, आणि खरं लिहा. आता खरं म्हटल्यावर पोरं कचरायला लागली. तेव्हा तिने त्यांना एक वचन देऊन टाकलं. ही भाषा तुमच्या घरात कुणाला येत नाही, शाळेत माझ्याशिवाय कुणाला येत नाही. ही आपली कुलपाची खोली आहे. इथे काहीही बोला, बाहेर जाणार नाही.

पोरं जी सुटली! एका जैन घरातल्या मुलाने लिहिलं, बाजव्याच्या वाऱ्याला अंड्याचा वास येतो हे मला ओळखता येतं, कारण फतेगंजच्या हातगाडीवर मी आम्लेट खाल्लं आहे. एकीने लिहिलं, आजी भरवते त्या घासाला तपकिरीची चव असते. नवरात्रानंतर एक मुलगी लिहून घेऊन आली की गरब्यात टाळी देताना त्याचा तळहात ओला होता, माझाही. हे कागद प्रतिमा बसमध्ये वाचायची आणि एकटीच हसायची. 'चिकट'ला काय म्हणतात, 'खरखरीत'ला काय, म्हणत पोरं शब्दकोशावर तुटून पडत. परीक्षेतले मार्क वाढले, प्रिन्सिपल मॅडम खूश झाल्या. उभ्या आयुष्यात प्रतिमाचं दुसरं काही इतकं जमलं नव्हतं, आणि ते साठीनंतर जमलं याचाही तिला जरा रागच होता.

आठवीतली अहल्या तिची लाडकी. सरदार घराण्यातली, पणजीचं नाव ठेवलेली. वडील उदयसिंहराव कोर्टात नावाजलेले वकील आणि शाळेच्या पालक समितीवर. आई निरुपमा कोल्हापूरकडची, नेहमी टापटीप, मोजकं बोलणारी. पोरगी वर्गात गुजराती मुलींमध्ये गुजराती होऊन जायची, पण तास संपला की प्रतिमाची पिशवी उचलून गेटपर्यंत यायची आणि तेवढ्या वाटेत मराठी बोलायची. कानांचा आठवडा आला तेव्हा या अहल्याने एक कागद आणून दिला. त्यावरचं स्पॅनिश साधं होतं, आणि मराठीत ते असं होईल:

आमच्या घरात एक पेला स्टीलचा आहे.
स्टीलमधून दिसत नाही, ऐकू येतं.
बर्फ वाजतो.
मग आई टीव्ही मोठा करते.
मग बांगड्या वाजतात.
मग बांगड्या वाजत नाहीत.

बाहेरच्यांना हे फोडून सांगायला हवं. गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, आणि बंदी आहे म्हणून कुणी प्यायचं थांबलंय असं समजणारा अजून जन्माला यायचाय. फक्त एक रीत पडली आहे. चांगल्या घरांत काचेचा ग्लास बाहेर काढत नाहीत, स्टीलच्या पेल्यात ओततात. अवचित कुणी दारात आलं तर छास, म्हणजे ताक, आहे म्हणायचं. येणाऱ्यालाही कळतं, आणि तोही छासच आहे असं धरून बसतो.

तरसालीच्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून प्रतिमाने तो कागद वाचला आणि आधी काय केलं असेल? ती मोठ्याने वाहवा म्हणाली. काय वाटलं याचा एकही शब्द नाही, नुसते आवाज. अशी कविता तिने शिकवली होती! मग तिने पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या दोन ओळींत काय घडलं ते तिला कळलं. आपण आधी वाहवा म्हणालो याची तिला इतकी शरम वाटली की भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गेटपाशी तिने विषय काढला. अहल्याने तिला फार बोलूच दिलं नाही. खरं लिहा म्हणालात ना, म्हणून लिहिलं, असं ती म्हणाली, आणि कुणाला सांगायचं नाही हेही बजावलं. आईशी बोलू का म्हटलं, तर नको. प्रिन्सिपल मॅडमशी, तर मुळीच नको. तुम्ही वचन दिलंय, मॅम. प्रतिमाने विषय तिथेच सोडला. दिलं होतं खरं.

आणि इथेच तिने घोळ घातला. वर्ष संपत आलं की शाळेत पालकांचा दिवस असायचा, आणि या वेळी मॅडमना व्हरांड्याच्या भिंतीवर स्पॅनिश कविता हव्या होत्या. अहल्याचा कागद प्रतिमाने बाजूला काढून ठेवला, तर पोरगीच विचारायला आली की माझी का नाही. प्रतिमाने समजावलं, वडील येणार आहेत. अहल्या म्हणाली, येऊ देत की, वाचता कुणाला येतंय? मग हळू आवाजात म्हणाली,

"बाबा कवितेसमोर उभे राहतील आणि त्यांना काही कळणार नाही. मला ते बघायचंय, मॅम."

दुसरी कुठली बाई असती तर नाही म्हणाली असती. पण मनात शिव्या आणि हातात चहाचा कप, असा जिचा जन्म गेला, तिला या हौसेचं मोल बरोबर कळलं. तिने कागद लावला. चांगला मधोमध लावला.

आता बघा, साऱ्या शाळेत एक गोष्ट फक्त तिलाच माहीत नव्हती. तिचा फोन हा फोन करायला होता, आणि सकाळी देवांची चित्रं यायला. दुसऱ्या भाषेतलं लिखाण हल्लीचे फोन वाचतात हे तिच्या गावीही नव्हतं. पोरांना माहीत असणार, पण आपल्या आईबापांना भिंतीवरचा कागद वाचायची हौस येईल असं त्यांनाही वाटलं नसावं. पालकांच्या दिवशी जीन्स घातलेल्या एका तरुण आईने गंमत म्हणून फोन भिंतीपुढे धरला. पडद्यावरची स्पॅनिश अक्षरं पुसली गेली आणि तिथे इंग्रजी उमटलं. बायका टाळ्या पिटायला लागल्या, अरे वा, केवुं सरस! आणखी फोन निघाले. आम्लेटवाल्या मुलाच्या आईचं तोंड पडलं, पण बाकीचे हसले. टोळकं एकेक कागद वाचत, हसत, पुढे सरकत राहिलं. प्रतिमा दुसऱ्या टोकाला सरबताच्या टेबलाशी होती. तिला वाटलं, बाई गं, केवढी आवड लोकांना.

मधल्या कागदापाशी हसू थांबलं. तिथे एकदम इतकं शांत झालं की प्रतिमाने वळून पाहिलं. माणसं फोन खाली घेऊन कागदाच्या तळाशी नाव शोधत होती, आणि नाव स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. उदयसिंहराव हातात खमणची बशी घेऊन चार पावलांवर उभे. कुणीतरी त्यांना वकीलसाहेब म्हणून हाक मारली आणि उगाच हवापाण्याचं काढलं. तेवढ्यात निरुपमा पुढे झाली. तिने एकेक करून टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि पर्समध्ये घातली. हल्लीच्या मुली सीरियली फार बघतात, असं ती हसून सगळ्यांना म्हणाली. टाचण्या काढताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, आणि त्या साऱ्या व्हरांड्याला ऐकू आल्या. अहल्या खांबाला टेकून उभी होती. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. ती प्रतिमाकडे बघत होती.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. खोलीत नवरा-बायको दोघं बसलेले. आवाज चढवण्यातले उदयसिंहराव नव्हतेच, उलट ते उठून उभे राहिले. तुम्ही दांडिया बाजारातल्या टिपणीसांच्या ना, तुमचे आजोबा आमच्या पणजोबांच्या हाताखाली होते, घरच्यासारखेच, असं सगळं झालं. मग म्हणाले, मुलीला बोलून उपयोग नाही, पोर आहे. तुम्ही वर्गात एवढंच सांगा की कविता तुमची होती. नमुना म्हणून तुम्ही तिला उतरवायला दिलीत. घरोघर ते आपोआप पोचेल. मॅडमनी मान हलवली आणि प्रतिमाबेन, छोकरांना पॉझिटिव्ह काही द्या ना, असं त्या म्हणाल्या. त्या खोलीत पेल्याबद्दल बोलणं झालं, शाळेच्या नावाबद्दल झालं, वकीलसाहेबांच्या इभ्रतीबद्दल झालं. बांगड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

प्रतिमाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी खोटं बोलणार नाही, ठेवा तुमची नोकरी. तिला काय, पेन्शन होतं, घर स्वतःचं होतं. एकदाच, आयुष्यात एकदाच, मनातलं तोंडाने बोलायचं तिने ठरवलं होतं आणि तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात निरुपमा बोलली. खाली मान घालून, मराठीत, म्हणजे मॅडमना समजू नये अशा बेताने.

"ताई, तुम्ही म्हणून टाका. तुम्ही बाणेदारपणा कराल आणि घरी जाल. मलाही घरीच जायचंय."

प्रतिमाने तोंड मिटलं आणि बरं म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की आपण हे निरुपमासाठी केलं. असेलही. पण नाही म्हणायची वेळ टळली तेव्हा तिला आतून हायसं वाटलं होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. कविता माझी होती, अहल्याने ती फक्त उतरवली. पोरांनी सुस्कारा टाकला, त्यांना ते बरंच वाटलं. इथवर झालं होतं तेवढं पुरे होतं. पण ही पोर मध्येच उठून काही बोलेल की काय या भीतीने प्रतिमाने आणखी एक केलं, जे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तिने विचारलं,

"बरोबर ना, अहल्या?"

अहल्या उभी राहिली. तिने बाईंकडे नीट पाहून घेतलं.

"हो, मॅम," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर कुलपाच्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नाही. पोरं मूर्ख थोडीच असतात! डोळ्यांच्या आठवड्यात सगळ्यांची घरं फुलांनी भरून गेली. आजी देवाला गुलाब वाहते, गुलाब सुंदर आहे. आईस्क्रीम सुंदर आहे. माझी आई सुंदर आहे. 'सुंदर'वर बंदी होती याची आठवण प्रतिमाने करून दिली नाही. मॅडमनी त्या कवितांचं गुळगुळीत कागदावर पुस्तक काढलं, आणि त्यात अहल्याची मोगऱ्यावरची कविता पहिली छापली. मोगऱ्याचं नाव अखेर आलं स्पॅनिशमध्ये, तेही असं. अन् दांडिया बाजारातून एका जुन्या शेजारणीचा फोन आला की काय गं, लक्ष्मीकांतराव घेत होते का? तुझी कविता आहे म्हणे तशी. खोकल्याच्या औषधालाही अर्काचा वास येतो म्हणून ज्यांनी ते कधी घेतलं नाही, त्या वडिलांबद्दल प्रतिमाला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर मग कुणाची, हा पुढचा प्रश्न होता. जुन्या गोष्टी आहेत, एवढंच ती म्हणाली. म्हणजे वडिलांचं नावही गेलं.

अहल्याने पिशवी उचलणं सोडलं होतं. पुढच्या वर्षासाठी तिने फ्रेंच घेतल्याचं प्रतिमाला ऑफिसातून कळलं. सुट्टी लागायच्या दिवशी गेटपाशी गर्दीत ती एकटी गाडीची वाट बघत होती, तेव्हा प्रतिमाने धीर करून जवळ जाऊन मराठीत विचारलं, घरी कसं आहे गं?

अहल्याला राग आल्यासारखं दिसलं नाही. वर्गात प्रश्न विचारल्यावर ती जशी आधी आठवायची आणि मग सांगायची, तशीच ती थांबली. काय वाटतं ते सोडून, काय ऐकू येतं तेवढं सांगायचं, हे तिला शिकवलेलंच होतं.

"आई आता प्लास्टिकच्या बांगड्या घालते, मॅम," ती म्हणाली. "त्या वाजत नाहीत."

गाडी आली, आणि ती दार उघडून आत बसली. क्षमा मागायला प्रतिमाकडे एक अख्खी भाषा होती, आणि त्या गेटपाशी ती या पोरीला नक्की समजली असती. पण समोरची शटल रिक्षा भरत आली होती, तरसालीची बस पुढे गाठायची होती, आणि कडेला जागा मिळावी म्हणून प्रतिमा लगबगीने जाऊन बसली.